साऱ्या शहराचे डॉक्टर : सॅम्युएल सार्फाती

ॲम्स्टरडॅमचे सार्फातीपार्क अनेक उपासक-उपासिकांनी पाहिले असेल. ते नाव डॉ. सॅम्युएल सार्फाती यांचे. १८१३ साली पोर्तुगीज-ज्यू कुटुंबात जन्मलेले डॉक्टर आपल्या समाजातील गरिबांवर उपचार करत. घाण आणि निकृष्ट अन्न हटल्याशिवाय औषध पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले. रोगराई धर्म विचारत नाही. म्हणून त्यांनी काम साऱ्या शहरासाठी केले. १८४७ पासून शहराचा कचरा उचलून शेतीला खत म्हणून पुरवला. स्वस्त पावाचा कारखाना काढला. पाव ज्यूंना तसाच ख्रिस्ती मजुरांनाही. १८६६ मध्ये त्यांचे निधन झाले. नाझी अंमलात ज्यू म्हणून उद्यानाचे नाव बदलले गेले. १९४५ मध्ये ते परत आले. तिथे गेलात, तर स्मारकापाशी क्षणभर थांबा.