गाडगेबाबा : घाम एकाचा, वावर दुसऱ्याचं



कीर्तनात आपण सांगतो, जो कष्ट करील त्याला देव देईल. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर गाडगेबाबांचं चरित्र पाहावं.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा. आपल्या नागपूरला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव हे त्यांचं गाव, घर परिटाचं, पाळण्यातलं नाव डेबू. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथं डेबूनं मामाची गुरं राखली, मोठा झाल्यावर नांगर धरला. कामाला असा गडी पंचक्रोशीत नव्हता म्हणतात.

पण झालं काय? मामा सावकाराच्या कर्जात सापडले. घरात कोणाला अक्षर येत नव्हतं. सावकाराच्या वहीत काय लिहिलं ते सावकारालाच माहीत. वावर कसलं मामा-भाच्यानं आणि गेलं सावकाराच्या घशात. त्याच दुःखात मामा गेले. आता सांगा, डेबूच्या कष्टात काय कमी होतं? कमी होतं ते अक्षर, आणि ते काही आळसापायी राहिलं नव्हतं. सावकाराच्या पोराला ते घरातच मिळत होतं, परिटाच्या पोराला कोण देणार?

1 फेब्रुवारी 1905 ला बाबांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा अन् गाडगं. ज्या गावी जात तिथं आधी झाडत, मग रात्री कीर्तन करत. कीर्तनात एकच धोसरा : कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, घरची भांडी विकावी लागली तरी चालेल पण पोरं शिकवा. हे पुस्तकातून आलेलं नव्हतं, गेलेल्या वावरातून आलं होतं.

पंढरीत तेव्हा शिवाशीव फार. एकाच पायवाटेनं चालून आलेला वारकरी, पण जात पाहून त्याला ओसरी मिळायची. चालण्याचे कष्ट सारखे, मुक्काम मात्र सारखा नाही. बाबांनी तिथं चोखामेळा धर्मशाळा बांधली. 1949 मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. लाखोंच्या इमारती उभ्या केल्या, पण आपल्या गणगोताचा त्यावर काडीचा हक्क ठेवला नाही. जन्मानं मिळणारा हक्कच त्यांना मोडायचा होता.

20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, अन् बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडीत कोणाचं वावर ओलिताचं आहे, कोणाचं कोरडवाहू, कोणाला वावरच नाही. ज्याचं पिकलं त्यानं सगळं माझ्याच घामाचं म्हणू नये. ज्याचं पिकलं नाही त्याला आळशी म्हणू नये. अन् शेजारच्या गरिबाचं एखादं लेकरू शाळेत टिकवावं. बाबांना तोच नमस्कार पोचतो.

रामकृष्ण हरी.