रेव्ह. ना. वा. टिळक : बाप्तिस्म्यानंतरची साधना

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या धर्मांतराची चर्चा मराठीत बरीच झाली; धर्मांतरानंतरच्या चोवीस वर्षांची साधना मात्र तुलनेने उपेक्षित राहिली. त्यांच्या चरित्राचा खरा गाभा या दुसऱ्या कालखंडात आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची प्रमुख कर्मभूमी झाली. तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. श्रद्धेची पहिली कसोटी घरातच लागली. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचा कित्येक वर्षे वियोग झाला. पुढे लक्ष्मीबाई परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

पद लाभले तरी साधकाची अस्वस्थता शमली नाही. पाश्चात्त्य चालींवरच्या भाषांतरित गीतांतून मराठी मनाला उपासनेची गोडी लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ख्रिस्ताकडे जाण्याची आपली वाट तुकोबांच्या अभंगांनी सुकर केली, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे अभंग, भजन आणि कीर्तन ही त्यांच्या दृष्टीने केवळ प्रचाराची साधने नव्हती. ती नित्य आत्मपरीक्षणाची व नामस्मरणाची शिस्त होती. 'अभंगांजली'तील रचनांचा विचार याच संदर्भात करावा लागतो. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन करतानाही लेखन आणि उपासना त्यांनी परस्परांपासून वेगळी मानली नाहीत.

या साधनेची परिणती १९१७ मध्ये दिसते. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, हा त्यामागील हेतू होता. उतारवयात निश्चित उत्पन्नावर पाणी सोडणे हे भावनेच्या भरातले कृत्य म्हणता येत नाही. अनेक वर्षे जोपासलेल्या वैराग्याचेच ते फळ होते. तथापि संस्थेला स्थैर्य येण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यांच्याही निधनानंतर, १९३८ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. एकेकाळी पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या, औपचारिक शिक्षण न लाभलेल्या स्त्रीने त्याचेच अपुरे काव्य तडीस न्यावे, यात टिळकांच्या साधनेचे मोल दिसते. बाप्तिस्मा हा त्या साधनेचा आरंभ होता. तिचे सातत्य एका आयुष्यात मावले नाही.