कॉम्प्युटर नव्हता तेव्हा महाभारताच्या शेकडो पोथ्यांमधला फरक शोधणारे डॉ. सुकथनकर

भोर तालुक्यातलं कारी हे गाव इतिहासात येतं ते जेधे देशमुखांमुळे. या घराण्याकडे मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवजन्माच्या तारखेचा वाद पेटला. बखरी सांगत होत्या शके १५४९ चा वैशाख, शकावली सांगत होती शके १५५१ चा फाल्गुन. कागद दोन, तारखा दोन. खरी कुठली?

आता विचार करा, दोन कागदांऐवजी हजारच्या वर पोथ्या असतील तर?

हे काम अंगावर घेतलं डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी. भोरहून पुण्याला जायला दीड-दोन तास लागतात. तिथल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत त्यांनी आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं या एकाच कामात घातली.

माझे भोर-वेल्ह्याकडचे काही मित्र हिंजवडीत कोडिंग करतात. कालचा कोड आणि आजचा कोड यात काय बदललं, हे त्यांना एआय एजंट काही सेकंदांत सांगतो. गेलेली ओळ लाल, आलेली ओळ हिरवी. बदल कशासाठी केला असेल, याचा अंदाजही तो देतो. पण त्यांच्याकडे एक गोष्ट असते, जी सुकथनकरांकडे नव्हती. ती म्हणजे जुनी मूळ फाइल. महाभारताची मूळ प्रत कुणाकडेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. कुणी काश्मीरच्या शारदा लिपीत केलेली, कुणी मल्याळममध्ये, कुणी बंगालीत. प्रत्येक नकलाकाराचा हात लागलेला.

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ चा. शिकायला केंब्रिजला गेले ते संस्कृतसाठी नाही, गणितासाठी. मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत व्याकरणात डॉक्टरेट केली. परत आल्यावर काही वर्षं पुरातत्त्व खात्यात ताम्रपट, शिलालेख वाचले. गणिती डोकं, जर्मन शिस्त आणि जुनी अक्षरं लावायची सवय. या कामाला असाच माणूस हवा होता.

संस्थेने प्रकल्प १९१९ मध्येच सुरू केला होता. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला घडी बसली.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. एका मोठ्या तक्त्यावर वर प्रचलित श्लोक लिहायचा, चौकटींमध्ये, अक्षराला अक्षर. मग एकेक पोथी घ्यायची आणि जिथे वेगळं अक्षर दिसेल तिथे बरोब्बर त्याच चौकटीखाली ते नोंदवायचं. हे करायला शास्त्री आणि पदवीधर बसवलेले. पुण्यासोबत शांतिनिकेतन आणि तंजावरलाही हे काम चाले. आदिपर्वाच्या पाठासाठी साठ पोथ्या अशा ताडून पाहिल्या. युनिक्समधला दोन फायलींमधला फरक दाखवणारा ‘डिफ’ प्रोग्रॅम आला १९७४ मध्ये. तोवर या तक्त्यांवरची शाई कधीच वाळली होती.

आता तुम्ही म्हणाल, जे जास्त पोथ्यांत आहे ते खरं. तर तसं नाही. एकाच चुकीच्या पोथीच्या शंभर नकला झाल्या तर शंभर चुका होतात, शंभर साक्षीदार नाही. म्हणून सुकथनकरांनी पोथ्यांची घराणी लावली. एकमेकांशी संबंध नसलेल्या, दूरच्या घराण्यांत जे सारखं येतं ते जुनं असण्याची शक्यता जास्त.

यातून जे निघालं ते पचायला सोपं नव्हतं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही घराघरात माहीत असलेली गोष्ट मुख्य पाठातून निघून परिशिष्टात गेली. सूतपुत्राला वरणार नाही असं सांगून द्रौपदी कर्णाला थांबवते, तो प्रसंगही तळटीपेत गेला. गेला म्हणजे फेकला नाही, हे महत्त्वाचं. बाजूला काढलेली ओळ न ओळ त्याच ग्रंथात छापलेली आहे. ज्याला पटत नाही त्याने स्वतः ताडून पाहावं.

टीका विद्वानांकडूनही झाली. फ्रेंच पंडित सिल्वॅं लेव्ही यांचं म्हणणं पडलं की मूळ पाठ शोधायचा नाद सोडा, नीळकंठांचा प्रचलित पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या. सुकथनकरांनी ते मानलं नाही. मला विचाराल तर इथे ते अडून बसले, हेच त्यांचं मोठं काम. नुसती फरकांची यादी दिली असती तर निर्णयाचं ओझं वाचकावर पडलं असतं. पुढे नेपाळमधून आदिपर्वाची एक जुनी पोथी मिळाली आणि सुकथनकरांनी तर्काने निवडलेल्या काही पाठांना तिच्यात आधार सापडला.

तरी आपणच बरोबर, असा आव त्यांनी आणला नाही. जिथे खात्री कमी, तिथे छापील शब्दाखाली नागमोडी रेघ. आदिपर्वाची पानं उलटली की ती जागोजाग दिसते.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर त्यांनी आरण्यकपर्व केलं. अठरापैकी ही दोनच पर्वं त्यांच्या हातून झाली. महाभारताच्या अर्थावर मुंबईत त्यांची व्याख्यानमाला चालू होती, पण चौथं व्याख्यान व्हायच्या आधीच २१ जानेवारी १९४३ ला ते गेले. वय ५५. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी काम तडीस नेलं, आणि २२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते समारोप झाला. तोवर पाहिलेल्या पोथ्यांचा आकडा १,२५९ वर गेला होता.

हा पाठ नंतर जपानच्या मुनेओ तोकुनागा यांनी कॉम्प्युटरवर टाइप केला आणि जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. स्मिथ केंब्रिजचे, म्हणजे सुकथनकर जिथे गणित शिकायला गेले होते तिथलेच.