पगार महिना २ रुपये, काम खिळे घासायचं. त्यातून उभा राहिला ‘निर्णयसागर’

जुन्या संस्कृत पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘निर्णयसागर प्रेस, मुंबई’ ही ओळ हमखास दिसते. काव्य असो, नाटक असो की व्याकरण, निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, असं संस्कृतचे अभ्यासक मानत आले. पण हा छापखाना काढणारा माणूस पंडित नव्हता. त्याच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. गरिबीमुळे त्याचं शालेय शिक्षणही जेमतेमच झालं होतं.

त्यांचं नाव जावजी दादाजी चौधरी.

सुरुवात कुठून झाली?

जावजींचा जन्म १८३९ चा. वयाच्या दहाव्या वर्षी ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी टाइप, म्हणजेच खिळे, तयार होत. जावजींचं काम होतं ते खिळे घासून गुळगुळीत करायचं. पगार होता महिना २ रुपये.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं आणि शहरात पदवीला भाव येऊ लागला. तेव्हा अठरा वर्षांच्या आसपासचे जावजी खिळ्यांच्या कामातच होते.

यात शिकण्यासारखं काय होतं?

खिळा तयार करण्याचं काम तीन टप्प्यांत चालायचं. आधी पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटं कोरायचं. मग त्या तुकड्याचा ठसा तांब्यावर मारून साचा करायचा. शेवटी त्या साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. खिळ्याची बाजू किंचित जाड राहिली तरी छापलेली ओळ वाकडी दिसते. म्हणून घासण्याचं काम वरवर साधं वाटलं, तरी त्यात नजर तयार व्हायची.

त्यात देवनागरी म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं. इंग्रजीच्या मानाने कितीतरी जास्त खिळे लागतात. असं काम जाणणारी माणसं मोजकीच होती, म्हणून त्यांना मागणी होती.

नोकरीकडून धंद्याकडे

मिशननंतर जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया आणि इंदुप्रकाश यांच्याकडे काम केलं. जागा बदलल्या, पण हातातलं कसब तेच राहिलं आणि दरवेळी त्यात भर पडत गेली.

१८६४ मध्ये, पंचविशीत, त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला. इथे त्यांचा हिशेब स्पष्ट होता. अक्षर कोरण्यात राणोजी रावजी आरू यांचा हात बसलेला होता, म्हणून जावजींनी या मित्राला सोबत घेतलं. सुबक देवनागरी खिळ्यांसाठी या कारखान्याचं नाव झालं आणि दुसरे छापखानेही इथून खिळे घेऊ लागले. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. त्याच नावाचं पंचांगही घरोघरी गेलं.

मग संस्कृत ग्रंथ कसे छापले?

जे स्वतःला येत नाही, ते येणारी माणसं जावजींनी जोडली. १८८६ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्यमाला’ या मालेचं संपादन जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी केलं. मजकुराची शुद्धता विद्वानांनी सांभाळली, तर छपाईची बाजू जावजींच्या कारखान्याने. विनायक कोंडदेव ओक यांचं मुलांसाठीचं मासिक ‘बालबोध’ही निर्णयसागरमधूनच निघायचं.

१८९२ मध्ये जावजी गेले. त्यांच्यानंतर मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना चालवला.

आजच्या मुलांसाठी यात काय आहे?

दहा वर्षांच्या मुलाला कामाला जावं लागणं ही कौतुकाची गोष्ट नाही, ती त्या घराची अडचण होती. आज १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार किमान वय १४ आहे, धोक्याच्या उद्योगांत १८. उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं.

पण उमेदवारीची जागा निवडताना जावजींचा प्रवास कामाला येतो. पहिला पगार किती, हे बघायलाच हवं. त्यासोबत तिथे पुढचा टप्पा शिकायला मिळणार का, हेही विचारायला हवं. जावजी खिळे घासणारे म्हणून लागले, पण जिथे लागले तिथे खिळा बनवण्याचं सगळं काम त्यांच्या डोळ्यासमोर चालत होतं. ते फक्त घासतच राहिले असते, तर २ रुपयांचे फार तर चार झाले असते.