संत झेली मार्टिन : एका गृहिणीचें चरित्र

संत तेरेजेची तसबीर आमच्या पुष्कळ घरांत आढळते. क्रूस आणि गुलाबपुष्पें उराशीं धरून उभी असलेली ती तरुण कार्मेलवासिनी लहान मुलेंही ओळखतात. परंतु तिच्या मातोश्रींचें नांव विचारिलें असतां थोरांनाही क्षणभर विचार करावा लागतो. महोत्सवी स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं व मिशनरींचीं चरित्रें यावींत हें योग्यच होय. आम्हीं मात्र ह्या पानांसाठीं एका संसारी बाईचें चरित्र निवडिलें आहे. पहाटेच्या मिस्सेला येणाऱ्या, घरीं परतून चूल पेटविणाऱ्या आणि शेजारचें कोणी आजारी पडलें तर सर्वांच्या आधीं तेथें पोंचणाऱ्या माता प्रत्येक धर्मग्रामांत असतात, पण त्यांचें चरित्र सहसा कोणी लिहीत नाहीं. झेलीबाईंचें लिहितां येतें तें त्यांच्या पत्रांमुळें. भावाला, भावजयीला व मुलींना लिहिलेलीं त्यांचीं दोनशेंहून अधिक पत्रें जपून राहिलीं आहेत, आणि त्यांत साधुत्वाच्या गोष्टींपेक्षां तापाच्या, दातांच्या, मोलकरणींच्या व पैशाच्या गोष्टीच अधिक आहेत.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांत आलांसों नांवाचें शहर आहे. त्याच्या जवळच्याच एका खेड्यांत २३ डिसेंबर १८३१ रोजीं झेली गेरें हिचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यांत लढलेले, पुढें पोलीस शिपाई झालेले. आई धर्मनिष्ठ, पण स्वभावानें फार कडक. ह्या घरांत खेळण्याबागडण्याला वाव नव्हता. झेलीला बालपणीं साधी बाहुलीसुद्धां मिळाली नाहीं. तें दुःख ती मोठेपणींही विसरली नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, स्वतःच्या मुलींवर तिनें मायेचा वर्षाव केला. थोरली बहीण एलीझ ही तिची जिवाभावाची सखी. एलीझ पुढें ल मां येथील व्हिजिटेशन मठांत भगिनी झाली. झेलीच्याही मनांत तेंच होतें. संत विन्सेंट द पॉल ह्यांच्या दयाभगिनींकडे जाऊन तिनें प्रवेश मागितला; परंतु ही देवाची इच्छा नव्हे असें मठाधिकारिणीनें स्पष्ट सांगितलें. तेव्हां आपल्याला पुष्कळ लेंकरें व्हावींत व तीं सर्व देवाला वाहिलेलीं असावींत, अशी प्रार्थना तिनें केली.

आतां पोटाचा प्रश्न होता. ८ डिसेंबर १८५१ रोजीं, कुमारी मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या सणाच्या दिवशीं, आलांसोंची लेस करावी अशी आज्ञा अंतःकरणांत झाल्याचा अनुभव तिला आला, व दोन वर्षांच्या आंत तिनें स्वतःचा धंदा उभारला. ही लेस सुईनें विणली जाते आणि तिला अपार वेळ लागतो. एकच बाई सबंध तुकडा करीत नसे. जाळी एकीची, फुलें दुसरीची, भरणी तिसरीची. ह्या बायका आपापल्या घरीं काम करीत आणि गुरुवारीं तें झेलीकडे आणून देत. मग सर्व तुकडे एकमेकांना जोडण्याचें, सांधा डोळ्यांना दिसूं नये असें नाजूक काम झेली स्वतः करी. चरित्रकार ह्या धंद्याला एका वाक्यांत उरकतात, हें आम्हांला बरोबर वाटत नाहीं. गिऱ्हाइकांच्या मागण्या, कामकरणींची मजुरी, ठरलेल्या तारखा ह्यांचा घोर ह्या बाईच्या डोक्यावर अखेरपर्यंत होता. त्यांच्या पत्रांतला थकवा समजून घ्यावयाचा तर तो घोर नजरेआड करून चालणार नाहीं.

आलांसोंच्या संत लेओनार्ड पुलावरून जातांना समोरून एक गंभीर चेहऱ्याचा तरुण आला आणि हाच आपला नवरा असें झेलीला वाटलें, अशी आठवण ह्या घराण्यांत सांगितली जाते. तो तरुण म्हणजे लुई मार्टिन, धंद्यानें घड्याळजी. त्यांनाही आल्प्स पर्वतांतल्या सेंट बर्नार्ड मठांत जावयाचें होतें, पण लॅटिन येत नसल्यानें परतावें लागलें होतें. मठाच्या दारांतून मागें फिरलेल्या ह्या दोघांचा विवाह १३ जुलै १८५८ रोजीं मध्यरात्रीं आलांसोंच्या नोत्र दाम देवालयांत झाला. आरंभीं सुमारें दहा महिने तीं बहीणभावाप्रमाणें राहिलीं. मग एका धर्मगुरूंच्या उपदेशानें त्यांनीं संसार पत्करिला. १८७० सालीं लुई ह्यांनीं आपलें घड्याळांचें दुकान भाच्याच्या हवालीं केलें व पत्नीच्या लेसच्या धंद्यांत लक्ष घातलें. त्या काळांत किती पुरुषांनीं असें केलें असतें, हें वाचकांनींच ठरवावें.

पहाटे साडेपांचच्या मिस्सेला हें जोडपें रोज जाई. शहर झोंपेंत असतांना मार्टिनांचें दार वाजलें कीं शेजारी कूस बदलीत. आपल्याला अजून थोडा वेळ झोंपतां येईल हें त्यांना कळे. झेलीबाई संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाच्या सभासद होत्या. उपासकाळचे उपास त्या कडकपणें पाळीत, आणि ते संपण्याची वाटही तितक्याच आतुरतेनें पाहत. हें त्यांनीं मुळींच लपविलें नाहीं. रविवारीं घरांत धंद्याचें काम होत नसे. दुपारची उपासना आटोपली कीं आपल्या कामकरणींपैकीं कोणी आजारी असेल तर तिच्या घरीं जावें, हा त्यांचा परिपाठ. एकदां प्रवासांत एक निराधार म्हातारा दिसला. त्याला घरीं आणून जेवूं घातलें, कपडे दिले, आणि पुढें लुई ह्यांनीं खटपट करून त्याला असाध्य रोग्यांच्या आश्रमांत जागा मिळवून दिली. दुसऱ्या एका प्रसंगीं भगिनींचा खोटा वेष घेतलेल्या दोन स्त्रिया एका गरीब मुलीला उपाशी ठेवीत आहेत असें झेलीबाईंना कळलें. त्यांनीं तक्रार केली. त्या स्त्रियांनीं उलट ह्यांच्यावरच आळ घेतला, पोलीस अधिकाऱ्यापुढें उभें राहावें लागलें; पण झेलीबाई मागें हटल्या नाहींत, आणि मुलगी सुटली.

१८६० ते १८७३ ह्या तेरा वर्षांत त्यांना नऊ अपत्यें झालीं. मारी, पोलीन, लेओनी, एलेन ह्या चौघी मुलींनंतर १८६६ त मुलगा झाला. तो मिशनरी व्हावा ही आईबापांची मोठी आशा होती. नांव ठेविलें जोसेफ. तो पांच महिन्यांचा होऊन गेला. दुसरा मुलगा झाला, त्याचेंही नांव जोसेफच. तो आठ महिन्यांचा होऊन १८६८ च्या ऑगस्टांत गेला, आणि पंधरवडाही लोटला नाहीं तोंच झेलीबाईंचे वडील वारले. १८७० च्या फेब्रुवारींत पांच वर्षांची एलेन गेली. त्याच ऑक्टोबरांत पावणेदोन महिन्यांचें तान्हें गेलें. तें ज्या दाईकडे ठेविलें होतें तिनें त्याला पुरेसें दूधच पाजलें नव्हतें. पुढच्या जानेवारींत प्रशियाचें सैन्य शहरांत शिरलें व नऊ शिपायांची सोय ह्या शोकाकुल घराला करावी लागली. हीं मुलें जन्मलींच नसतीं तर बरें, असें समाधान करावयास येणारे लोक होते. झेलीबाईंना तें बोलणें सहन होत नसे. आपलीं लेंकरें स्वर्गांत आहेत व तीं आपल्याला पुन्हां भेटतील, ह्यांत त्यांना कधीं शंका वाटली नाहीं. पण त्यामुळें त्यांचे अश्रू मात्र थांबले नाहींत.

तेरेजा जन्मली २ जानेवारी १८७३ रोजीं. दोन महिन्यांत तीही मरणोन्मुख झाली. दाई आणल्याशिवाय उपाय नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें. लुई परगांवीं होते. उजाडतांच झेलीबाई एकट्या पायीं निघाल्या आणि कित्येक मैल चालून सेमाले येथें रोज ताये ह्या शेतकरणीकडे गेल्या. दोन्ही जोसेफ तिच्याच अंगावर वाढलेले. रोज आली, बाळाला पाहिलें, आणि तिनें नकारार्थी मान हलविली. झेलीबाई माडीवर जाऊन संत जोसेफच्या मूर्तीपुढें गुडघे टेकून राहिल्या. खालीं आल्या तेव्हां बाळ दूध पीत होतें. मग तें एकाएकीं निपचित पडलें. गेलें असेंच सर्वांना वाटलें. कांहीं वेळानें त्यानें डोळे उघडले व तें आईकडे पाहून हंसलें. पुढें सुमारें वर्षभर तेरेजा सेमाले येथें गाईवासरांत वाढली, आणि आईच्या वांट्याला मधून मधून भेटीच काय त्या आल्या. दोन मुलांत जो मिशनरी मिळाला नाहीं त्याच्या ठिकाणीं ही मुलगी १९२७ सालीं मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित व्हावयाची होती, हें त्या आईला कोठून ठाऊक असणार!

परंतु झेलीबाईंना सर्वांत अधिक छळणारी चिंता तेरेजेची नव्हती, लेओनीची होती. ही तिसरी मुलगी जन्मापासून अशक्त, त्वचेच्या विकारानें पीडलेली, अभ्यासांत मागें, आणि स्वभावानें कोणाच्याही आटोक्यांत न येणारी. मावशीच्या मठांतल्या शाळेनें तिला दोनदां परत धाडिलें. गोडीनें सांगून पाहिलें, रागावून पाहिलें. मुलगी आईपासून दूरच राही. १८७७ च्या आरंभीं मठांतली बहीण मृत्युशय्येवर होती. स्वर्गांत गेल्यावर लेओनीसाठीं विनवणी कर, असें झेलीबाईंनीं तिला कळविलें. २४ फेब्रुवारीला बहीण निवर्तली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत घरांतलें रहस्य उघडकीस आलें: जुनी मोलकरीण धाकदपटशानें लेओनीला आपल्या मुठींत ठेवून होती, आईचें ऐकलेंस तर याद राख, ही तिची दहशत. हें आपल्याच छपराखालीं वर्षानुवर्षें चाललें व आपल्याला दिसलें नाहीं, ह्याचें झेलीबाईंना किती दुःख झालें असेल! त्यांनीं मोलकरणीला मुलीशीं बोलण्यासही मनाई केली. लेओनी हळूहळू आईला बिलगूं लागली.

पण आईजवळ आतां वेळ उरला नव्हता. उरांतली गांठ पुष्कळ वर्षांची होती. १८७६ च्या डिसेंबरांत डॉक्टरांनीं तपासून शस्त्रक्रियेची वेळ टळल्याचें सांगितलें होतें. आजवर मृत्यूला न भ्यालेली ही बाई आतां लेओनीसाठीं जगूं इच्छीत होती. जूनमध्यें तिघी मोठ्या मुलींना घेऊन त्या लूर्दला गेल्या. प्रवास हालांचा झाला. वाटेंत पडून मान दुखावली, बहिणीची जपमाळ हरवली. त्या थंडगार झऱ्याच्या पाण्यांत त्या पुन्हां पुन्हां उतरल्या, आणि होत्या तशाच परत आल्या. मुली हिरमुसल्या होत्या; त्यांना उभारी देण्याचें काम आजारी आईलाच करावें लागलें. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारीं पतीच्या आधारानें, पावलोपावलीं थांबत, त्या मिस्सेला गेल्या. २८ ऑगस्ट १८७७ रोजीं मध्यरात्रीनंतर त्यांनीं देह ठेविला. वय पंचेचाळीस. तेरेजा तेव्हां साडेचार वर्षांची होती.

लुई मुलींसह मेहुण्याच्या आधाराला लिझ्यू येथें राहावयास गेले व १८९४ सालीं प्रभूकडे गेले. पोलीन, मारी, तेरेजा व सेलीन ह्या चौघी लिझ्यूच्या कार्मेल मठांत गेल्या. तेरेजा १८९७ त निवर्तली आणि १९२५ त संत झाली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं तिच्या मातापित्यांना रोम येथें एकत्र संतपद दिलें. तेरेजेसाठीं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या जीवनासाठीं. लेओनीनें तीनदां मठांत पाऊल ठेविलें आणि तीनदां तिला बाहेर यावें लागलें. १८९९ च्या जानेवारींत छत्तिसाव्या वर्षीं ती चौथ्यानें व्हिजिटेशन मठांत शिरली, आणि ह्या वेळीं तेथें राहिली ती १९४१ सालीं मरण येईपर्यंत. तिच्या संतपदाविषयींची चौकशी सुरू झाली तीही २०१५ सालींच, आईला संतपद मिळालें त्याच वर्षीं.