रिचर्ड बॅक्स्टर

रिचर्ड बॅक्स्टर (१२ नोव्हेंबर १६१५ – ८ डिसेंबर १६९१) हे इंग्लंडमधील प्युरिटन पाळक व धर्मविषयक लेखक होते. त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ लिहिले. मात्र वूस्टरशायर परगण्यातील किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावात त्यांनी आपल्या मंडळीशी जो निकटचा संबंध जोडला, त्यामुळे त्यांचे नाव विशेष टिकून राहिले.

पूर्वायुष्य

बॅक्स्टर यांचा जन्म श्रॉपशायरमधील राउटन येथे झाला. त्यांना विद्यापीठीय शिक्षण मिळाले नाही. त्यांची विद्वत्ता स्वाध्यायाची होती. १६३८ मध्ये धर्मसेवेची दीक्षा घेतल्यावर त्यांनी काही काळ डडली येथील शाळेत अध्यापन केले. १६४१ मध्ये ते उपदेशक म्हणून किडरमिन्स्टरला आले. आरंभी गावाचा एक वर्ग त्यांच्यावर रुष्ट होता आणि एकदा तर जमावाच्या रोषामुळे त्यांना काही काळ गाव सोडावे लागले. इंग्लंडच्या गृहयुद्धात त्यांनी संसदेच्या सैन्यात धर्मोपदेशकाचे काम केले. प्रकृती ढासळल्यामुळे १६४७ मध्ये ते सैन्यातून बाहेर पडले व पुन्हा किडरमिन्स्टरला परतले.

किडरमिन्स्टरमधील कार्य

त्यांच्या प्रवचनांना इतकी गर्दी होऊ लागली, की चर्चमध्ये पाच सज्जे नव्याने बांधावे लागले. तरीही वर्षानुवर्षे प्रवचने ऐकणाऱ्या काहींना ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वेही उमगलेली नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलण्याची गरज त्यांना आधीपासून पटलेली होती. परंतु लोक हसतील, नकार देतील आणि आपली प्रकृती साथ देणार नाही, या धास्तीने त्यांनी ते काम दीर्घकाळ टाळले होते.

अखेर त्यांनी सोमवार व मंगळवार हे दोन दिवस याच कामासाठी राखले. प्रत्येक घरात प्रश्नोत्तरीची पुस्तिका आधीच पोहोचवली जाई. गावातील कुटुंबे बॅक्स्टर यांच्या घरी येत, तर त्यांचे सहकारी आसपासच्या वस्त्यांत फिरत. दोघे मिळून आठवड्याला चौदा कुटुंबांना भेटत. एकेका कुटुंबाला सुमारे तासभर दिला जाई व त्या वेळी बाहेरचे कोणीही उपस्थित नसे. प्रथम पाठ म्हणून घ्यायचा, मग त्याचा अर्थ विचारायचा आणि उत्तर अडले तर माणसाला न लाजवता प्रश्नच सोपा करायचा, अशी त्यांची रीत होती. किडरमिन्स्टरच्या पॅरिशमध्ये सुमारे आठशे कुटुंबे होती. या गतीने बहुतेकांची भेट वर्षाकाठी एकदा होई.

गुरुवारी संध्याकाळी इच्छुक मंडळी त्यांच्या घरी जमत आणि प्रवचनाविषयीच्या शंका विचारत. गावात वैद्य नसल्याने काही वर्षे ते विनामूल्य औषधोपचारही करीत. रुग्णांची रीघ वाढल्यावर त्यांनी एका वैद्याला गावात आणून वसवले.

ही जवळीक सर्वांनाच मानवली असे नाही. प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्यांनी मंडळीची शिस्त मान्य करावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे अनेक प्रौढ त्यापासून दूर राहिले. प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या सुमारे सहाशे होती. वूस्टरशायरमधील इतर पाळकांनीही ही पद्धत अंगीकारावी यासाठी १६५५ च्या डिसेंबरमध्ये ते व्याख्यान देणार होते. आजारपणामुळे ते देता आले नाही. त्याचाच विस्तार 'द रिफॉर्म्ड पास्टर' या नावाने १६५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तरायुष्य

१६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर बॅक्स्टर यांना हेरफर्डचे बिशपपद देऊ करण्यात आले. ते नाकारून त्यांनी किडरमिन्स्टरला साहाय्यक म्हणून तरी परतू द्यावे अशी विनंती केली. गावातील जुने पाळक पुन्हा पदावर आले होते आणि वूस्टरचे बिशप जॉर्ज मोर्ली यांनी बॅक्स्टर यांना प्रवचनाची परवानगी नाकारली. १६६२ च्या एकरूपता कायद्यानंतर त्यांनी इंग्लंडच्या अधिकृत चर्चमधील धर्मसेवा सोडली. त्याच वर्षी त्यांनी मार्गारेट चार्लटन यांच्याशी विवाह केला. १६८५ मध्ये नव्या करारावरील लेखनाबद्दल न्यायाधीश जेफ्रीज यांच्यापुढे त्यांच्यावर खटला चालला व त्यांना कारावास भोगावा लागला. त्यांचे निधन लंडन येथे झाले. १८७५ मध्ये किडरमिन्स्टर येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.