पळून गेलेला नारायण



आजचं वाचन दासबोध, दशक १२, समास १. वाचून जरा ओशाळलोच. घरी लग्नाचा किंवा शेताच्या हिशेबाचा विषय निघाला की मी समर्थांना पुढे करतो. तेही बोहल्यावरून पळालेच ना!

पळाले हे खरं. जांबेच्या ठोसरांचा नारायण, जन्म १६०८, रामनवमीचा. भलता हूड. मोठा भाऊ घरचं बघतो, तू नुसता हुंदडतोस, म्हणून आई राणूबाई रागावली, तर हा अडगळीत जाऊन बसला. विचारलं तर म्हणे जगाची काळजी करतोय! (आपण असं उत्तर दिलं असतं तर?) बाराव्या वर्षी लग्न ठरलं. मंगलाष्टकांत 'सावधान' ऐकलं आणि पोरगा मांडवातून पसार. अंतरपाटापलीकडच्या मुलीबद्दल कीर्तनात फारसं कुणी बोलत नाही. मला ते खुपतं.

पण पुढचं मी सोयीनं विसरत होतो. नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं, पहाटे नदीत उभं राहून जप. मग १२ वर्षं पायी देशभर. १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले आणि मग कामच काम. चाफळचं राममंदिर, तिथला उत्सव, जागोजागी मठ, मठांसाठी तयार केलेले महंत, सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले ११ मारुती. शेवटी सज्जनगडावर देह ठेवला, तोवर हे चालूच. आईलाही विसरले नाहीत. २४ वर्षांनी जांबेला परतले तेव्हा तिची दृष्टी गेली होती, असं सांगतात.

आणि संसार न केलेला हाच माणूस या समासात आपल्याला सांगतो, आधी प्रपंच नीट करा, मग परमार्थाकडे वळा. प्रपंच टाकून परमार्थाला लागलात तर त्रासच होईल. माझी पळवाटच बंद केली त्यांनी.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. मागच्या रविवारी बाबांबरोबर बह्याला गेलो होतो, कृष्णेच्या बेटावरच्या मारुतीला. परतताना बाबा दोनदा थांबले, दम लागला म्हणून. मी मोबाईल बघत पुढे गेलो होतो. रात्री त्यांनी हिशेबाची वही काढली आणि मी नेहमीसारखं, पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. काही न बोलता त्यांनी ती परत कपाटात ठेवली.

आज फोन करून ती वही बाहेर काढायला सांगणार आहे. लग्नाचं मात्र एवढ्यात विचारू नका.